वाटणी पाच दिवसांची

दिवाळी महिनाभरावर आली, की आपल्याकडच्या घराघरांत एक कागद तयार होतो. कागदाच्या एका बाजूला रजेचे दिवस आणि दुसऱ्या बाजूला ठिकाणांची नावे. वडिलांना मिळालेल्या तीन रजा, आईच्या ऑफिसातून मोठ्या मिनतवारीने मिळालेल्या दोन, मध्ये आलेला रविवार, मुलांच्या क्लासची तारीख आणि आजोबांची गुडघेदुखी अशी सगळी वजाबाकी झाली, की हाती उरतात चार किंवा पाच दिवस. ठिकाणांची नावे मात्र कधीच कमी होत नाहीत. धाकट्याला जंगल हवे असते, थोरलीला बाजारपेठ आणि चांगले हॉटेल. आजीला देवदर्शन हवे असते. वडिलांनी कुठेतरी द्राक्षांच्या बागांचे फोटो पाहिलेले असतात. मग एक तोडगा निघतो, सगळ्यांचे थोडेथोडे. शहराला दीड दिवस, बागांना दीड दिवस, जंगलाला दीड दिवस, उरलेला अर्धा दिवस येण्याजाण्याचा. वाटणी अगदी न्याय्य दिसते. सुटीवरून परत आल्यावर मात्र प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असते, ‘फार धावपळ झाली हो.’

गंमत अशी, की जमिनीची वाटणी करताना आपण इतके भोळे नसतो. भावाभावांत शेत वाटायचे, तर एकराला एकर कोणी लावत नाही. बागायत वेगळी, जिरायत वेगळी. विहिरीचा हिस्सा वेगळा, बांधावरच्या आंब्याचाही वेगळा. जमिनीचा मगदूर पाहून वाटणी होते, हे आपल्या पूर्वजांनी ठरवून दिलेले शहाणपण. दिवसांची वाटणी करताना तेच शहाणपण आपण घरी ठेवून निघतो. वेगवेगळ्या जागांनाही मगदूर असतो. काही जागा तासाभरात आपले दार उघडतात, काही दोन दिवस बसवून ठेवतात. सगळ्यांना सारखे दिवस देणे म्हणजे सगळ्यांवर सारखाच अन्याय करणे.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचाच आहे असे नाही. मुलगा-सून कॅलिफोर्नियात असतात. आईवडील पहिल्यांदा तिकडे जातात. तेव्हाही असाच कागद होतो. सॅन फ्रान्सिस्को शहर, नापाचे द्राक्षमळे आणि १८९० साली राष्ट्रीय उद्यान झालेले योसेमिटी, ही तिथली त्रिस्थळी. सॅन फ्रान्सिस्कोहून योसेमिटीच्या खोऱ्यात पोहोचायला मोटारीने चार तास तरी लागतात, आणि त्यामुळे तिथल्या मराठी घरांतही दिवसांची ओढाताण होते. आपल्याला त्यासाठी सातासमुद्रापलीकडे जायला नको. शहर, द्राक्षमळे आणि राष्ट्रीय उद्यान ही तिन्ही आपल्या सांगली जिल्ह्यात आहेत. सांगली शहरापासून तासगाव पंचवीस किलोमीटरच्या आसपास, आणि चांदोली ऐंशी-नव्वद किलोमीटर. सातारकरांना कऱ्हाडवरून ही सगळी वाट दारातलीच. तरीही मनालीचा बर्फ पाहिलेले आणि चांदोली न पाहिलेले सांगलीकर कितीतरी सापडतील. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला तर ही तीन ठिकाणे एका जिल्ह्यात आहेत हेच ठाऊक नसते. म्हणून याच तीन ठिकाणांवर पाच दिवसांची वाटणी करून पाहू.

एकच पाणी

वाटणीआधी जमिनीची ओळख हवी. सांगली जिल्ह्याचा नकाशा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाचावा. पश्चिमेला शिराळा तालुक्यात सह्याद्रीचा कडा आहे. तिथे वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेला जत, आटपाडीकडे तोच पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येतो. एका टोकाला गच्च जंगल आणि दुसऱ्या टोकाला कुसळाचे माळ, आणि दोन्हींच्या मध्ये दिवसभराचाही प्रवास नाही.

या दोन टोकांना नदीने जोडले आहे. वारणा नदी सह्याद्रीच्या कड्यावर प्रचितगडाच्या परिसरात उगम पावते. चांदोलीला तिच्यावर मातीचे धरण आहे. धरणामागचा जलाशय म्हणजे वसंतसागर, साठवण सुमारे चौतीस टीएमसी. तिथून सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांची हद्द आखत वारणा पूर्वेला येते आणि सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. पुढे म्हैसाळला कृष्णेचे पाणी पंपांनी उचलले जाते आणि टप्प्याटप्प्याने चढवत मिरज, कवठेमहांकाळ, जत या भागांकडे नेले जाते. त्या पाण्यात वारणेचाही वाटा असतोच. म्हणजे चांदोलीच्या झाडांवरून निथळलेला पाऊस काही महिन्यांनी एखाद्या द्राक्षवेलीच्या मुळाशी पोहोचतो. त्या वेलीची फळे सुकून बेदाणे होतात आणि ते विकले जातात सांगली-तासगावच्या बाजारात. जंगल, मळा आणि शहर ही एकाच पाण्याची तीन गावे आहेत.

हे मुलांना सुटीआधी सांगावे. कागदावर एक रेघ ओढून दाखवावी. मग तीन ठिकाणे तीन न राहता एक गोष्ट होतात, आणि प्रवासाचा क्रमही आपोआप ठरतो. पाणी जसे येते तसे यावे. आधी जंगल, मग मळे, शेवटी शहर.

रात्री मोजाव्यात

सहलीचा हिशेब दिवसांत केला, की तो हमखास चुकतो. जाहिराती ‘चार रात्री पाच दिवस’ असे मोठ्या अक्षरांत सांगतात, आणि आपण ‘पाच’ हा आकडा घेऊन घरी येतो. खरा आकडा चार आहे. पहिला दिवस पोहोचण्यात जातो आणि शेवटचा परतण्यात. मधले तीन दिवस तेवढे पूर्ण. त्यातही मुक्काम जितक्या वेळा हलवाल, तितक्या वेळा अर्धा दिवस कापला जातो. बॅगा भरणे, हॉटेलचे बिल, धाकट्याचा हरवलेला मोजा, वाटेतले जेवण आणि नव्या खोलीत गरम पाणी येते का याची चौकशी, एवढ्यात दुपार होते. चार रात्रींत तीन ठिकाणी मुक्काम करणारे कुटुंब निम्मी सुटी बॅगांबरोबरच घालवते.

आपल्या वारीचे वेळापत्रक पाहा. ज्ञानोबांची पालखी सातारा जिल्ह्यातून जाते. तिचा कार्यक्रम सांगताना लोक मुक्कामांनीच सांगतात. आज लोणंद, मग तरडगाव, मग फलटण. किती अंतर कापले हे नंतर. लाखो माणसांना घेऊन चालणाऱ्यांनी कधीच ओळखले होते, की माणूस रात्रीच्या जागेने बांधलेला असतो. आपल्या चार-पाच जणांच्या पालखीलाही हाच नियम लावावा. चार रात्री, दोन मुक्काम. दोन रात्री चांदोलीच्या पायथ्याशी आणि दोन सांगलीत. मळ्यांसाठी वेगळा मुक्काम नको, ते सांगलीहून एका दिवसात होतात.

यावर घरातून पहिला आक्षेप येईल, ‘जंगलाला दोन रात्री? तिथे संध्याकाळी करायचे काय?’ हा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर दिले पाहिजे.

जंगलाचे घड्याळ

प्रत्येक जागेचे आपले घड्याळ असते. शहर रात्री नऊ वाजताही भेटते. मळा उजेड असेपर्यंत भेटतो. जंगल भेटते ते पहाटे आणि संध्याकाळी, मधला बराच वेळ ते आपल्याच तंद्रीत असते. सकाळी नऊला नाश्ता करून निघालेले कुटुंब अकराला जंगलाच्या दाराशी पोहोचते. दुपारच्या उन्हात चार माकडे बघून परतते, आणि ‘काही नाही हो तिथे’ असा निकाल देते. तो निकाल जंगलावरचा नसतो, घड्याळावरचा असतो. पहाटे तिथे असायचे तर आदल्या रात्री तिथेच झोपायला हवे. आणि एक सकाळ धुक्यात गेली तर दुसरी हाताशी हवी. म्हणून दोन रात्री.

चांदोलीला १९८५ साली अभयारण्याचा आणि २००४ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. उद्यानाचे क्षेत्र सुमारे ३१८ चौरस किलोमीटर. २०१० मध्ये चांदोली आणि उत्तरेचे कोयना अभयारण्य मिळून सह्याद्री व्याघ्रप्रकल्प झाला. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ जागांना जागतिक वारशाचा मान मिळाला. महाराष्ट्रातल्या चार जागा त्यांत आहेत, कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याहून एक वाघीण चांदोलीत आणण्यात आली, तेव्हा या जंगलाचे नाव पुन्हा घरोघर पोहोचले.

त्यामुळे मुलांना आधीच सांगून ठेवावे, वाघ दिसणार नाही असे धरूनच जायचे. एवढ्या दाट आणि डोंगराळ रानात मोजके वाघ आहेत. ते आपल्या सुटीच्या तारखा पाहून बाहेर येत नाहीत. दिसेल तो गवा. काळाभोर, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखा. दिसेल शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी, या फांदीवरून त्या फांदीवर. भेकर ओरडताना ऐकू येईल, आणि चिखलात अस्वलाचा किंवा सांबराचा ठसा सापडेल. झोळंबीच्या सड्यासारख्या जांभ्या दगडाच्या पठारावर उभे राहिले, की खाली वसंतसागराचे पाणी आणि पलीकडे कोकणाकडे उतरत जाणारे डोंगर दिसतात. संध्याकाळी करायचे काय, याचे उत्तर इथे आहे. अंधार पडताना बाहेर बसायचे, आवाज ऐकायचे आणि लवकर झोपायचे. ज्या घरांत चार माणसे चार खोल्यांत चार पडदे बघत जेवतात, त्यांना एवढा कार्यक्रम पुरेसा आहे.

चांदोलीकडे जाण्याची वाट महामार्गावरच्या पेठ नाक्यावरून शिराळा, कोकरूड, आरळा करत मणदूरकडे जाते. पावसाळ्यात उद्यान पर्यटकांसाठी बंद असते. दिवाळीच्या सुमारास ते नुकतेच उघडलेले असते आणि रान अजून हिरवे असते. प्रवेशाच्या वेळा, वाहन आणि वाटाड्या यांची चौकशी वन विभागाकडे आधीच करावी. राहण्याच्या जागा थोड्या आहेत आणि त्या थोड्या आहेत म्हणूनच तिथे अजून जंगल आहे.

आणखी एक गोष्ट मुलांना सांगायची. झोळंबी, निवळे, गोठणे ही नावे आज जंगलातल्या जागांची वाटतात. ती गावांची नावे होती. तिथे चुली पेटत, नाचणी पिके, पोरे ओढ्यात डुंबत. धरणासाठी आणि नंतर अभयारण्यासाठी या भागातली गावे उठली, आणि माणसे खाली सपाटीवरच्या वसाहतींत आली. जमीन, पाणी आणि नागरी सोयींसाठी त्यांना वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले, ठिय्या द्यावा लागला. आपण ज्या शांततेचे कौतुक करतो, तिची किंमत कोणीतरी आपल्या घराने मोजली आहे. हे सांगितल्याने सहलीचा रंग फिका होत नाही. उलट जंगलात कागदाचा कपटा टाकताना हात आखडतो.

द्राक्षांचे पंचांग

आता मळे. इथे वाटणीत एक मोठी अडचण येते आणि ती कोणी सांगत नाही. शाळेच्या कुठल्याच मोठ्या सुटीत वेलीवर पिकलेली द्राक्षे भेटत नाहीत. द्राक्षबागेची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी. फळ छाटणीनंतर चारएक महिन्यांनी माल तयार होतो. म्हणजे फेब्रुवारी-मार्च. तेव्हा मुलांच्या परीक्षा. मे महिन्यात सुटी लागते तेव्हा बागा छाटून मोकळ्या झालेल्या असतात. दिवाळीत जावे तर वेलींवर कोवळी फूट आणि नुकते बाहेर पडलेले हिरवे, मोहरीएवढे घड.

म्हणून दिवाळीत मळ्यांना एक दिवस पुरे. हा दिवस द्राक्षे खाण्याचा नसतो, बागायतदाराची रात्र समजून घेण्याचा असतो. याच दिवसांत आकाशात ढग आले, की तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ या पट्ट्यात झोप उडते. अवेळी पाऊस झाला तर डावणी येते, फुलोऱ्यातला घड कुजतो आणि वर्षाचा हिशेब एका रात्रीत बदलतो. ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून माणसे अंधारात फवारणी करत असतात. आपण ज्याला ‘काय छान ढगाळ हवा पडलीय’ म्हणतो, तिला तिथे काय म्हणतात हे मुलांनी एकदा ऐकावे.

ज्यांना पिकलेली द्राक्षेच पाहायची असतील, त्यांनी दिवाळीच्या पाच दिवसांतून मळे सरळ वगळावेत आणि फेब्रुवारीतला एखादा जोडसुटीचा शनिवार-रविवार त्यांच्या नावे लिहून ठेवावा. तेव्हा बागेत काढणी असते आणि माळावरच्या शेडवर बेदाणा तयार होत असतो. द्राक्षाचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून काढतात आणि शेडमधल्या जाळ्यांवर थरावर थर पसरतात. बारा-पंधरा दिवसांत सावलीतल्या कोरड्या वाऱ्यावर ते सुकतात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. मग मळणी, निवड आणि प्रतवारी. निवडीच्या कामाला बायकांची रांग बसलेली असते. श्रीखंडावर टाकलेल्या दोन बेदाण्यांमागे किती हात आहेत ते तिथे दिसते. पूर्वेकडच्या कोरड्या हवेला पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ म्हणून कोसले गेले, त्याच हवेने हा धंदा उभा केला. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. ‘तास-ए-गणेश’ या द्राक्षाच्या वाणाने तासगावचे नाव दूरवर नेले.

‘वाइनचे काय?’ असा प्रश्न कोणीतरी हळूच विचारतोच. राज्य सरकारने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. त्यातून दोन वाइन पार्क ठरले, एक नाशिकजवळ विंचूरला आणि दुसरे सांगली जिल्ह्यात पलूसला. नाशिककडे त्याभोवती चव घेण्याची दालने, हॉटेले आणि संगीताचे महोत्सव असा सगळा पसारा वाढला. पलूसकडे तशी वर्दळ आली नाही. सांगलीचे द्राक्ष मुख्यतः ताटात जाते किंवा बेदाणा होते. त्यामुळे नाशिकची अपेक्षा घेऊन पलूसला जाऊ नये. ते दुःख मानण्याचेही कारण नाही. आजी-आजोबांसकट सगळ्या घराला एकत्र हिंडता येईल असा हा द्राक्षांचा मुलूख आहे. तासगावच्या गणपतीचे दाक्षिणात्य धाटणीचे सात मजली गोपूर पाहावे. पलूसकडे गेलात तर कृष्णाकाठचे औदुंबर आणि १९१० साली माळावर उभी राहिलेली किर्लोस्करवाडी आहे. मात्र तासगाव की पलूस, यांतली एकच बाजू निवडावी. दोन्ही करायला गेलात, तर दिवस मोटारीतच मावळेल.

मळ्यात जाताना आधी विचारावे. बाग म्हणजे उघडे उद्यान नव्हे, ते कोणाचे तरी कर्ज काढून उभे केलेले घर आहे. न विचारता घड तोडू नये. तो शिष्टाचाराचा प्रश्न आहे आणि तब्येतीचाही, कारण फवारणी कधी झाली हे फक्त मालकाला ठाऊक असते. परतताना बेदाणा तिथूनच घ्यावा आणि घासाघीस जरा कमी करावी.

शहराला उरलेले तास

उरले शहर. त्याला वेगळा दिवस द्यायची गरज नाही असे म्हटले, तर सांगलीकर रागावतील. पण शहराचा मोठेपणा हाच आहे, की ते उरलेल्या वेळात मावते. जंगलातून परतलेल्या तिसऱ्या दिवसाची संध्याकाळ, मळ्यांहून परतलेल्या चौथ्या दिवसाची संध्याकाळ आणि पाचव्या दिवसाची सकाळ, एवढे तास सांगलीला पुरतात. कृष्णाकाठचे पटवर्धनांचे गणपती मंदिर, १९२९ सालचा आयर्विन पूल, हातात भडंगाचा पुडा. विष्णुदास भावे नाट्यमंदिरात प्रयोग असेल तर तो पाहावा. १८४३ साली भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ याच गावात उभे केले आणि मराठी रंगभूमी सुरू झाली. मिरज शेजारीच आहे. तिथे भोपळ्यापासून तंबोरा घडताना पाहायला तास-दीड तास लागतो. तो ज्या मुलाने पाहिला, त्याला पुढे कुठल्याही मैफलीत तंबोऱ्याकडे बघावेसे वाटेल.

आणि शेवटच्या सकाळी हरिपूर. वारणा आणि कृष्णेच्या संगमावर, संगमेश्वराच्या देवळापाशी. पहिल्या दिवशी डोंगरात पाहिलेले पाणी पाचव्या दिवशी इथे येऊन भेटते. हरिपूरला हळद साठवण्यासाठी जमिनीत खणलेली पेवे होती. २००५ च्या महापुराने त्यांची मोठी हानी केली. २०१९ आणि २०२१ सालीही सांगलीने पाणी घरात शिरताना पाहिले. ज्या पाण्याने मळे पिकवले तेच पाणी दुकानांच्या फळ्या उचलून नेते. तीन ठिकाणांची गोष्ट या घाटावर पुरी होते आणि दुपारची गाडी गाठता येते.

साताऱ्याला या वाटणीत जागा का नाही, असे सातारकर विचारतील. आहे, पण या पाच दिवसांत नाही. अजिंक्यतारा, वारांच्या नावांच्या पेठा, सज्जनगड आणि ठोसेघर यांना ‘जाताजाता’ उरकणे हा साताऱ्याचा अपमान आहे. कासच्या पठारावर फुले येतात ती सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला. दिवाळीत तिथे जाऊन वाळलेले गवत पाहायचे आणि फुलांना नावे ठेवायची, यात काय मतलब? साताऱ्यासाठी सप्टेंबरातल्या दोन रात्री वेगळ्या काढाव्यात. या खेपेला वाटेत गाडी थांबवून कंदी पेढे घ्यावेत आणि पुढे निघावे. एखादे ठिकाण गाळणे म्हणजे ते गमावणे नव्हे, ते पुढच्या वेळेसाठी शिलकीत टाकणे आहे.

घरातली वाटणी

इथवर ठिकाणांची वाटणी झाली. सुटीत आणखी एक वाटणी असते आणि तिचा उल्लेख त्या कागदावर नसतो. सुटी नेमकी कोणाच्या वाट्याला येते? निघायच्या आदल्या रात्री दशम्या, धपाटे, चटणी आणि लोणच्याची बरणी बांधणारी बाई पहाटे सर्वांत आधी उठते. सहलीत कोणाला काय पचत नाही, कोणाच्या गोळ्या कुठल्या कप्प्यात आहेत आणि ओले टॉवेल कुठे वाळत घालायचे, हे तिच्याच डोक्यात असते. परतल्यावर पाच जणांच्या कपड्यांचा ढीगही तिचाच. मुक्काम जितके जास्त, तितकी तिची भर-उपस जास्त. चार रात्रींत दोनच मुक्काम ठेवण्यामागचे खरे कारण हेही आहे. एका जागी दोन रात्री राहिले, की दुसरी सकाळ तिलाही मिळते. बॅग भरायची नसते, कोणाला हाका मारून उठवायचे नसते. घरातल्या सगळ्यांत थकलेल्या माणसाला ज्या वाटणीत एक पूर्ण मोकळी सकाळ मिळत नाही, ती वाटणी कागदावर कितीही सुबक दिसली तरी फेटाळावी.

आजी-आजोबांचेही तसेच. त्यांना सगळीकडे ओढून नेऊ नये आणि ‘तुम्हाला झेपणार नाही’ म्हणून घरीही ठेवू नये. जंगलातल्या पहाटेला ते मुक्कामावरच्या अंगणात बसतील. हरिपूरच्या घाटावर मात्र सर्वांत जास्त वेळ त्यांनाच द्यावा. प्रत्येकाने सगळे पाहिलेच पाहिजे असा काही दंडक नाही. प्रत्येकाला आपले असे एक काहीतरी मिळाले पाहिजे, एवढा मात्र असावा.

एक साधे गणित करून पाहा. मूल सहा वर्षांचे होते तेव्हा ते प्रवास लक्षात ठेवू लागते. पंधराव्या वर्षी दहावी येते. त्यानंतर क्लास, कॉलेज, मित्रमंडळी, वसतिगृह, नोकरी. म्हणजे सगळे घर एकत्र बाहेर पडेल अशा दिवाळ्या जेमतेम दहा. त्यांतल्या एकदोन आजारपणात जातात, एकदोन लग्नकार्यांत. एखाद्या वर्षी रजाच मिळत नाही. उरतात सहा-सात. या सहा-सात सुट्यांमध्ये आपण मुलांच्या हाती काय देणार हा खरा प्रश्न आहे. ठिकाणांची लांब यादी दिली, तर ती यादीच त्यांना आठवेल, आणि मोठेपणी ती मुलेही याद्याच करतील. दोन रात्री एका जागी थांबून पाण्याचा, रानाचा आणि माणसांच्या कामाचा आवाज ऐकवला, तर थांबण्याची सवय त्यांच्या अंगी लागेल. पुढच्या आयुष्यात तिची गरज त्यांना आपल्यापेक्षा जास्त पडणार आहे.

तेव्हा यंदा कागद घ्याल, तेव्हा आधी रात्री लिहा, मग मुक्काम, आणि ठिकाणे सर्वांत शेवटी. जे ठिकाण बसत नसेल त्याच्यापुढे ‘पुढच्या वर्षी’ असे लिहून टाका. जंगल आणि नदी कुठे जात नाहीत. द्राक्षांना तर दर फेब्रुवारीला बहर ठरलेलाच आहे. मुले मात्र पुढच्या वर्षी एका वर्षाने मोठी झालेली असतील.